दुसऱ्यानं मागवलेलं आकाश

मास्टच्या शोधपट्टीत ‘एम१०१’ लिहून एंटर मारलं की समोर आकाश येत नाही, यादी येते. हबल, गॅलेक्स, टेस, स्विफ्ट अशी मोहिमांची नावं, त्यांच्यापुढे उपकरण, फिल्टर, एक्स्पोजरचे सेकंद, प्रस्तावाचा क्रमांक. स्क्रोल करत राहा. उजवीकडे दीर्घिकेचं चित्र असतं खरं, पण त्यावर इतके चौकोन एकमेकांवर चढलेले असतात की सर्पिल भुजा दिसता दिसत नाहीत. एकेक चौकोन म्हणजे कधीतरी कुणीतरी अवकाशातली दुर्बीण तिथे रोखली होती, त्याची नोंद. माझ्याकडे एम.एस्सी.च्या प्रकल्पाला येणारी मुलं इथे पहिल्यांदा हिरमुसतात. त्यांच्या मोबाइलच्या वॉलपेपरवर जे हबल असतं ते हे नव्हे.

मी जिल्ह्याच्या गावातल्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. गच्चीवर आमची एक लहान दुर्बीण आहे. तिच्यातून शनीची कडी दाखवली की पालक खूश होतात. पावसाळ्याचे चार महिने ती झाकून ठेवावी लागते. खगोलशास्त्रातलं संशोधन म्हणून आम्ही जे काही करतो ते या यादीच्या जोरावर. मास्ट हा अमेरिकेत बाल्टिमोरला, स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळला जाणारा संग्रह. हबलची निरीक्षणं तिथे, जेम्स वेबची तिथे, केप्लर आणि टेसचीही तिथेच. पूर्ण नाव ‘मिकुलस्की अर्काइव्ह फॉर स्पेस टेलिस्कोप्स’. बार्बरा मिकुलस्की या मेरिलँडच्या तेव्हाच्या सिनेटर. हबलला पैसे मिळत राहावेत म्हणून त्या सिनेटमध्ये वर्षानुवर्षं भांडल्या, आणि २०१२ मध्ये संग्रहाला त्यांचं नाव दिलं गेलं. लोकप्रतिनिधींची नावं पुलांना आणि चौकांना द्यायची आपल्याकडची रीत. माहितीच्या साठ्याला कुणा पुढाऱ्याचं नाव लागलेलं पाहून मला अजून मौज वाटते.

या यादीतली एकही ओळ आपल्यासाठी तयार झालेली नाही, हे मुलांना आधी सांगावं लागतं. हबलवर वेळ हवा तर प्रस्ताव लिहावा लागतो आणि मागणी नेहमीच उपलब्ध वेळेच्या कितीतरी पट असते. ज्याचा प्रस्ताव मान्य होतो त्याच्या मनात एक प्रश्न असतो. त्या प्रश्नाला लागतात तेच फिल्टर, तेवढेच सेकंद, आकाशाचा तोच तुकडा. निरीक्षण झालं की काही काळ, पूर्वापार एक वर्ष, ते त्याच्यापुरतं राखून ठेवलं जातं. मग कुलूप निघतं आणि ते सगळ्यांचं होतं. उतरवून घ्यायला लॉगिनसुद्धा लागत नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल सोडून बसणारे अभ्यासक मला हे काम करताना आठवतात. कारकुनानं मोडीत खर्च टिपला तो हिशेब जुळावा म्हणून. अमुक साली धान्याची धारण काय होती हे पुढे कुणी त्यातून शोधून काढील, हे त्याच्या गावीही नव्हतं.

एचआर ८७९९ या ताऱ्याची गोष्ट मी दर वर्षी सांगते. त्याच्याभोवतीच्या ग्रहांची थेट चित्रं जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणींनी घेतली आणि २००८ मध्ये ती जाहीर झाली. त्यानंतर डेव्हिड लाफ्रेनिएर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हबलच्या निकमॉस कॅमेऱ्यानं १९९८ मध्ये घेतलेली त्याच ताऱ्याची चित्रं संग्रहातून काढली, ताऱ्याचा झगमगाट वजा करण्याची नवी पद्धत त्यांच्यावर चालवली, आणि सगळ्यात बाहेरचा ग्रह तिथे सापडला. २०११ मध्ये आणखी एका गटानं त्याच जुन्या चित्रांतून आणखी दोन ग्रह वर काढले. दहा वर्षं ते फायलीत होते. ज्यांनी मूळ निरीक्षण मागवलं तेही ग्रहच शोधत होते. वजाबाकीची पद्धत तेवढी तयार नव्हती. मार्क शोवॉल्टर यांचं प्रकरण याहून गमतीचं. नेपच्यूनच्या कड्यांचे तुटक कंस अभ्यासताना त्यांनी २०१३ मध्ये हबलच्या जुन्या चित्रांत कड्यांच्या पलीकडेही नजर टाकली, तर एक पांढरा ठिपका पुन्हा पुन्हा दिसायला लागला. २००४ ते २००९ मधल्या दीडशेहून अधिक चित्रांत तो होता. नेपच्यूनचा एक नवा चंद्र. आज त्याला हिप्पोकॅम्प म्हणतात.

अशा गोष्टी ऐकल्या की मुलांना वाटतं, आपणही एखादा चंद्र काढू. मी त्यांना अडवत नाही. पण काम मात्र आधी झालेलंच देते, ज्याचं उत्तर छापून आलेलं आहे असं. स्वयंपाकघरात नवशिक्याला कुणी पहिल्या दिवशी पुरण करायला सांगत नाही.

२०२३ च्या मेमध्ये असं काम आपोआप चालून आलं. १९ मे रोजी जपानमधले हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना एम१०१ मध्ये एक सुपरनोव्हा दिसला. त्याचं नाव एसएन २०२३आयएक्सएफ. एम१०१ सप्तर्षींच्या शेपटाशी आहे. वसिष्ठ आणि मरीची यांच्या वरच्या बाजूला त्रिकोणाचा तिसरा कोपरा धरावा, तिथे. अंतर सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षं, म्हणजे दीर्घिकांच्या हिशेबात शेजारघर. छोट्या दुर्बिणींतूनही तो फुटलेला तारा दिसत होता. जगभरातल्या मोठ्या दुर्बिणी तिकडे वळल्या, पण तितक्याच घाईनं काही लोक उलट्या दिशेला, संग्रहांकडे धावले. फुटण्याआधी तिथे कोणता तारा होता हा प्रश्न आता नवं निरीक्षण घेऊन सुटणारा नव्हता. आधी कुणी त्या जागेचं चित्र घेतलं असेल तरच.

घेतलेलं होतं. यादीत फिल्टर लावत खाली गेलं की ९४९० या क्रमांकाचा प्रस्ताव येतो, नोव्हेंबर २००२ चा. त्याच वर्षी मार्चमध्ये अंतराळवीरांनी हबलवर एसीएस हा नवा कॅमेरा बसवला होता. त्या कॅमेऱ्यानं एम१०१ चे बरेच तुकडे निळ्या, हिरव्या आणि अवरक्ताला टेकलेल्या अशा तीन फिल्टरांत टिपले. एम१०१ आकाशात जवळजवळ पूर्ण चंद्राएवढी पसरलेली आहे आणि एसीएसच्या एका चित्रात सव्वातीन-साडेतीन कलांची बाजू मावते. म्हणजे चौकोनांची गोधडी शिवली तरी जागा सुटतातच. सुपरनोव्हाची जागा एका चौकोनात आत पडली, काठापासून लांब. २००२ मध्ये प्रस्ताव लिहिणाऱ्याच्या मनात या ताऱ्याचा विचार असण्याचं कारणच नव्हतं.

आमच्या त्या वर्षीच्या तुकडीतल्या तिघांनी हा प्रकल्प घेतला. शोधनिबंध तोवर छापून आले होते. आमचं काम होतं तेच पाऊल पुन्हा टाकून बघण्याचं.

फाइल उतरवण्यातच पहिला धडा असतो. यादीतली ओळ निवडून टोपलीत टाकली की कळतं, एका निरीक्षणाच्या फायली डझनभर आहेत. नावं नऊ अक्षरांची आणि शेपटाला एक प्रत्यय. पहिलं अक्षर उपकरण सांगतं: ‘जे’ म्हणजे एसीएस, ‘आय’ म्हणजे डब्ल्यूएफसी३, ‘यू’ म्हणजे जुना डब्ल्यूएफपीसी२. प्रत्यय सांगतो चित्र किती शिजलं आहे. ‘रॉ’ म्हणजे दुर्बिणीकडून आलं तसं. ‘एफएलसी’ म्हणजे कॅमेऱ्याचे ज्ञात दोष काढलेलं. ‘डीआरसी’ म्हणजे अनेक एक्स्पोजर एकावर एक बसवून, कॅमेऱ्याच्या प्रकाशरचनेनं आणलेला वाकडेपणा सरळ करून केलेलं. मास्ट ‘शिफारस केलेल्या फायली’ अशी सोय देतं आणि बहुतेक मुलं तीच निवडतात. मी एफएलसीसुद्धा घ्यायला लावते. एसीएसची एक एफएलसी सुमारे १६८ एमबीची असते, आणि आमच्याकडचं इंटरनेट दुपारी तीननंतर काय करतं ते विचारू नये. म्हणून झिप करून एकगठ्ठा न मागवता पोर्टल जी स्क्रिप्ट बनवून देतं ती चालवायची. ती एकेक फाइल आणते. मध्ये लाइट गेली तर एका फायलीवर निभावतं.

मग फाइल उघडायची. फिट्स हे खगोलशास्त्रज्ञांचं जुनं स्वरूप, १९८१ मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि त्याच्या मथळ्याच्या ओळी आजही ८० अक्षरांच्याच असतात, पंचिंग कार्डांच्या काळातल्या मापाच्या. मुलं थेट चित्राकडे धावतात. मी त्यांना मथळा छापून देते, कागदावर, आणि पेन्सिल घेऊन बसवते. कुणाचा प्रस्ताव, कुठल्या वेळी शटर उघडलं, किती सेकंद, दुर्बिणीनं मार्गदर्शक तारे घट्ट धरून ठेवले होते का, एक्स्पोजर मध्येच तुटलं का. शेवटच्या दोन गोष्टी कुणी बघत नाही आणि नेमक्या त्याच पुढे रडवतात.

त्या मथळ्यात एक गंमत आहे. त्यात दोन तारखा असतात. एक निरीक्षणाची, २००२ मधली. दुसरी फाइल तयार झाल्याची, आणि ती अगदी अलीकडची. एका विद्यार्थिनीनं विचारलं, “मॅडम, फोटो २००२ चा आणि फाइल आत्ताची, मग मधे काय झालं?”

मधे बरंच झालं. संग्रहातल्या निरीक्षणांवर पुन्हा पुन्हा प्रक्रिया केली जाते. कॅमेऱ्याविषयीचं ज्ञान सुधारलं की जुन्या चित्रांनाही त्याचा लाभ मिळतो. अवकाशातल्या किरणोत्सारानं कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चिप, सीसीडी, झिजते, वाचताना इलेक्ट्रॉन मागे सांडत जातात आणि ताऱ्यांना शेपट्या फुटतात. ही गळती गणितानं भरून काढायची रीत एसीएस बसवल्यानंतर कित्येक वर्षांनी बसली, पण ती २००२ च्या चित्रालाही लावलेली आहे. दुसरा बदल आमच्या प्रकल्पाचा जीवच होता. हबलच्या चित्रांवरचे विषुवांश-क्रांतीचे, म्हणजे आकाशातल्या जागेचे आकडे पूर्वी मार्गदर्शक ताऱ्यांच्या यादीवरून ठरायचे आणि ते कधी कधी विकलेपर्यंत चुकलेले असायचे. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग, ऐकायला नगण्य. एसीएसचा एक पिक्सेल विकलेचा विसावा भाग. म्हणजे वीस पिक्सेलांचा घोळ, आणि एम१०१ च्या भुजेत वीस पिक्सेलांत किती तारे दाटीनं बसलेले असतात ते पाहिल्याशिवाय कळत नाही. २०१३ च्या डिसेंबरमध्ये युरोपची गाया दुर्बीण अवकाशात गेली, तिनं ताऱ्यांच्या जागा अफाट नेमकेपणानं मोजल्या, आणि २०१९ च्या अखेरीपासून मास्टमधली हबलची चित्रं गायाच्या जागांशी जुळवून दिली जाऊ लागली. २००२ मध्ये काढलेल्या चित्राचा पत्ता तेव्हा अस्तित्वात नसलेल्या दुर्बिणीनं दुरुस्त केला.

तरी विश्वास ठेवून चालायचं नाही. डीएस९ हा चित्रं पाहायचा प्रोग्रॅम आहे. त्यात गायाची यादी हिरव्या वर्तुळांनी चित्रावर टाकायची आणि बघायचं, तारे वर्तुळांच्या मधोमध बसतात का. बहुतेक बसले. दोन-तीन बाजूला सरकलेले दिसले आणि मुलं घाबरली. ते आपल्याच आकाशगंगेतले जवळचे तारे, मधल्या वर्षांत स्वतःच थोडे सरकलेले. मला वाटतं, त्या दुपारी त्यांना तारे स्थिर नसतात हे पुस्तकातल्या वाक्यापेक्षा जास्त नीट कळलं.

आता तो ठिपका. विषुवांश १४ तास ३ मिनिटं ३८.६ सेकंद, क्रांती उत्तर ५४ अंश १८ कला ४२ विकला. डीएस९ मध्ये आकडे घातले आणि झूम केलं. काळ्या-पांढऱ्या पिक्सेलांच्या गर्दीत एफ८१४डब्ल्यू या अवरक्ताला टेकलेल्या फिल्टरमध्ये एक फिकट, जरासा फुगलेला डाग. तीनेक पिक्सेल रुंद. आणि या अंतरावर एक पिक्सेलच सुमारे पाच प्रकाशवर्षांचा आहे, म्हणजे त्या डागात आपला सूर्य आणि त्याचा सगळ्यात जवळचा शेजारी दोघेही मावतील. निळा एफ४३५डब्ल्यू फिल्टर उघडला. त्याच जागी काही नाही. पार्श्वभूमीची खरखर तेवढी.

“मॅडम, हा वैश्विक किरण नसेल कशावरून?”

हा प्रश्न आला की मला वर्षभराचा पगार वसूल झाल्यासारखं वाटतं. हबल वातावरणाबाहेर आहे. प्रत्येक एक्स्पोजरमध्ये हजारो कण सीसीडीवर आदळतात आणि पांढरे ओरखडे उमटवतात. म्हणून तर एफएलसी घ्यायला लावलं. शिजलेल्या डीआरसीत हे ओरखडे आधीच काढलेले असतात, आणि ते काय नि किती काढले हे तिथे दिसत नाही. एफएलसीत चित्राला चिकटून आणखी एक थर येतो, गुणवत्तेचा. तिथे प्रत्येक पिक्सेलला एक आकडा असतो. शून्य म्हणजे ठीक. १६ म्हणजे तापट पिक्सेल, २५६ म्हणजे इलेक्ट्रॉनांनी तुडुंब भरलेला, ४०९६ म्हणजे इथे वैश्विक किरण पडला असं ठरवलं गेलं. दोन दोष असतील तर बेरीज: ४११२ दिसलं की तो पिक्सेल तापटही आहे आणि त्यावर किरणही पडलेला आहे. सगळे आकडे दोनाचे घात, त्यामुळे कोणतीही बेरीज एकाच रीतीनं सुटते. हे उमगलं तेव्हा त्यांच्यातला संगणकशास्त्रातून आलेला मुलगा एकदम जागा झाला. तोवर तो नाइलाजानं बसला होता. त्यानं आमच्या डागाभोवतीच्या पिक्सेलांचे आकडे वहीत उतरवले, प्रत्येक एक्स्पोजरसाठी वेगळे. डाग वेगवेगळ्या एक्स्पोजरमध्ये त्याच जागी होता आणि गुणवत्तेच्या थरात तिथे किरणाची खूण नव्हती. म्हणजे तो आकाशातलाच.

तांबड्या बाजूला दिसतो आणि निळ्यात दिसत नाही, याचा अर्थ थंड, फुगलेला तारा, आणि भोवती धूळ असावी. तांबडा महाराक्षसी. धुळीचा पुरावा मात्र मास्टमध्ये पुरेसा मिळत नाही. त्यासाठी स्पिट्झर या अवरक्त दुर्बिणीच्या निरीक्षणांकडे जावं लागतं, आणि ती पॅसाडेनाला कॅलटेकच्या इर्सा या दुसऱ्या संग्रहात आहेत. तिथलं पोर्टल वेगळं, फायलींची नावं वेगळी, चित्रं ढोबळ. पण हबलकडे या जागेची मोजकी चित्रं, तर स्पिट्झरनं २००४ पासून दीडेक दशक तिथे अधूनमधून पाहिलेलं. त्या मालिकेतून कळलं की तारा साधारण हजार दिवसांच्या आवर्तनानं कमी-जास्त तेजस्वी होत होता. फुटण्याच्या आधीची त्याची धाप म्हणा. हबलचं एक चित्र हे सांगू शकलं नसतं.

यापुढे जे झालं ते मुलांना सगळ्यात जास्त खटकलं. त्यांनी छापील निबंध शेजारी शेजारी ठेवले. माहिती बव्हंशी तीच, त्याच दोन संग्रहांतली. फुटलेल्या ताऱ्याचं मूळ वस्तुमान मात्र कुणी सूर्याच्या ११ पट सांगतं, कुणी १७, कुणी २०, आणि कुणी १० च्याही खाली. “मग बरोबर कोण?” धूळ किती आणि कशी मानली, तारा आवर्तनाच्या कुठल्या टप्प्यावर होता असं धरलं, ताऱ्यांच्या उत्क्रांतीची कुठली गणितं वापरली, यावर उत्तर फिरतं. मी त्यांना प्रत्येक निबंधातली गृहीतकं वेगळ्या रंगानं अधोरेखित करायला सांगितली. संग्रह सगळ्यांना सारखंच वाढतो. पुढचं ज्याचं त्याचं. मला स्वतःला ही विसंगती आश्वासक वाटते. कुलूपबंद माहितीवर एकच गट बोलला असता, तर ११ किंवा २० यातला एक आकडा पाठ्यपुस्तकात जाऊन बसला असता.

कुलूप लवकर काढावं हा विचार काही पहिल्यापासून नव्हता. १९९५ च्या डिसेंबरमध्ये स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटचे तेव्हाचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी स्वतःच्या वाट्याचा वेळ वापरून हबलला सलग दहा दिवस सप्तर्षीतल्या एका रिकाम्या दिसणाऱ्या तुकड्याकडे बघायला लावलं. ३४२ एक्स्पोजर. त्या हबल डीप फील्डची माहिती राखीव काळ न ठेवता लगेच जगाला दिली गेली, आणि इतर दुर्बिणीवाल्यांनी आपापली निरीक्षणं त्याच तुकड्यावर नेली. आज हबलवर आधारलेल्या निबंधांत संग्रहातली जुनी निरीक्षणं वापरणारे निबंध नव्या निरीक्षणांवरच्या निबंधांपेक्षा जास्त निघतात. हौशी लोकांनाही वाव आहे: स्वयंसेवकांनी हबलची जुनी चित्रं डोळ्यांखालून घातली आणि त्यांच्या मदतीनं लघुग्रहांच्या १७०१ रेघा सापडल्या. कुणीतरी दीर्घिका बघत असताना मधून गेलेले दगड.

पुण्याचा या कामाशी संबंध जुना आहे. या शतकाच्या सुरुवातीला आयुका आणि पर्सिस्टंट सिस्टिम्स यांनी मिळून ‘व्हर्च्युअल ऑब्झर्व्हेटरी इंडिया’ चालवली आणि व्हीओप्लॉटसारखी साधनं बनवली. विखुरलेले संग्रह एकाच भाषेत बोलावेत ही त्यामागची खटपट. आज मुलं पायथॉनच्या चार ओळी लिहून तीन खंडांतल्या संग्रहांना एकच प्रश्न विचारतात तेव्हा अशा खटपटींचं ऋण त्यांना दिसत नाही, दिसायचं कारणही नाही. आणि २०२५ मध्ये पुण्याच्याच एनसीआरए या खगोलसंशोधन संस्थेतले राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेबच्या एका सर्वेक्षणाच्या खुल्या माहितीतून ‘अलकनंदा’ ही सर्पिल दीर्घिका वर काढली. महास्फोटानंतर केवळ दीडेक अब्ज वर्षांनी इतकी नीटस भुजांची दीर्घिका असेल अशी फारशी कुणाची अपेक्षा नव्हती.

हे सांगितलं की वर्गात उत्साह येतो, आणि मग मला जरा पाणी ओतावं लागतं. खुलं म्हणजे सारखं नव्हे. २०२३ च्या त्या मेमध्ये ज्यांच्याकडे स्क्रिप्ट तयार होत्या, सर्व्हर होते, आणि विचारायला शेजारच्या खोलीत माणसं होती, त्यांचे निबंध काही आठवड्यांत आले. आमच्याकडे त्या आठवड्यांत पेपर तपासणी चालू होती. मिकुलस्कीबाईंच्या दारात सगळे एकाच वेळी पोहोचतात असं कुणी म्हणालं तर मी मान डोलावणार नाही. दुसरी एक गोष्ट मला खटकते: संग्रहात निरीक्षणं आहेत, पण नाकारलेले प्रस्ताव नाहीत. लोकांना काय काय पाहायचं होतं आणि पाहायला मिळालं नाही याची यादी कुठेच उघडी नसते. मला ती वाचायला आवडली असती.

तोंडी परीक्षेला आलेले बाह्य परीक्षक घनअवस्था भौतिकीचे. त्यांनी अहवाल उलटसुलट केला आणि विचारलं, “यात तुम्ही स्वतः निरीक्षण कुठलं केलंत?” प्रश्न रास्त होता. प्रयोगशाळेत बसून स्वतःच्या हातानं मोजलेल्या माणसाला तो पडणारच. तारखांविषयी विचारणाऱ्या त्याच मुलीनं लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला, गुणवत्तेचा थर उघडला आणि म्हणाली, “सर, फोटो आमचा नाही. यातला कुठला पिक्सेल धरायचा आणि कुठला सोडायचा, ते आम्ही ठरवलं.” सरांनी चष्मा वर केला, ४११२ म्हणजे काय ते विचारलं, उत्तर ऐकलं आणि थेट त्रुटींच्या पानावर गेले. तिथे आमची खरी कसोटी होती. आम्ही डागाभोवती वर्तुळ काढून त्यातला सगळा प्रकाश मोजला होता. साधी पद्धत, हातानं करता येते, म्हणूनच निवडली. पण दाटीत शेजाऱ्यांचाही प्रकाश वर्तुळात येतो. आमचा तारा त्यामुळे छापील आकड्यांपेक्षा थोडा जास्त तेजस्वी आला, आणि आमची त्रुटीपट्टीही रुंद आली. निबंध लिहिणाऱ्यांनी एकेका ताऱ्याच्या प्रकाशाचा आकार बसवून शेजाऱ्यांना वेगळं काढणारा डॉल्फॉट हा प्रोग्रॅम वापरला होता. सर म्हणाले, “मग तो का नाही वापरलात?” मुलांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “पुढच्या वर्षी.”

यंदाच्या तुकडीतल्या दोघांनी ते मनावर घेतलं आहे. डॉल्फॉट सी भाषेत लिहिलेला, स्वतः कंपाइल करून घ्यावा लागतो आणि एसीएससाठीचा भाग वेगळा उतरवावा लागतो. आमच्या संगणककक्षातल्या यंत्रांवर काहीही बसवायचं तर अर्ज लागतो. मी सही करून तो वर पाठवला आहे. तोवर दोघांपैकी एक जण मास्टच्या यादीत २०२३ नंतरच्या ओळी चाळतो आहे. सुपरनोव्हा पुरेसा विझल्यावर त्या जागेची नवी चित्रं आली, तर जुना डाग तिथून गेला की नाही हे बघता येईल. गेला तरच तो तोच तारा होता असं ठामपणे म्हणता येतं. यादीत काही ओळींवर अजून कुलूप आहे. ते कधी निघणार त्याच्या तारखा त्यानं वहीत लिहून घेतल्या आहेत.